अनिवासी कुरकुर

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस दिवसाला किती तक्रारी करतो, याची मोजदाद अजून कुठल्या विद्यापीठाने केलेली नाही. केली तर निदान त्या एका यादीत आपण मागास ठरणार नाही. पाऊस आला नाही तर सोयाबीन वाळतं, जास्त आला तर सडतं आणि वेळेवर आला तर भाव पडतो. केंद्राने २०२५-२६ साठी सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. वाचायला छान आहे. रेल्वे जिल्ह्यातून जाते, पण जिल्ह्याच्या गावाला येत नाही. मलकापूरला उतरायचं, मोताळा मागे टाकायचा, राजूर घाट चढायचा आणि चढता चढता रेल्वेमंत्र्यांची आठवण काढायची. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रज असल्यापासूनची. इंग्रज गेले, मागणी इथेच राहिली. टपरीवर उभं राहून या सगळ्याचा उद्धार केला की माणूस मोकळा होतो आणि कामाला लागतो.

परदेशी गेलेल्याचं नेमकं हेच बंद होतं.

परदेशात राहण्याचे तोटे विचारा. लोक थंडी सांगतील, एकटेपणा सांगतील, वांग्याच्या भरताचं नाव काढून डोळे पुसतील. ही शाळेच्या निबंधातली यादी झाली. थंडीला हीटर आहे. ज्वारीचं पीठ न्यू जर्सीत एडिसनच्या दुकानात मिळतं. एकटेपणाचं म्हणाल तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. मराठी माणूस परदेशात उतरला की आधी मंडळ काढतो आणि मग त्या मंडळात दोन गट पाडतो. एकटं राहायला वेळ कुणाला आहे?

खरा तोटा असा की त्याचा कुरकुरीचा हक्क दोन्हीकडून जातो. तिथे तोंड उघडलं तर ऐकून घ्यावं लागतं, आवडत नसेल तर विमानं रोज सुटतात. इथे उघडलं तर, तुला काय कमी आहे?

नांदुऱ्याकडचा एक मुलगा टेक्सासात आहे. परवा आईला फोनवर म्हणाला, "आई, लय काम हाय वं, पाठ धरली."

"तुह्या बापाचीबी धरली हाय. त्याले डॉलर नाही भेटत."

पोराने विषय बदलला. म्हणाला, यंदा हिवाळ्यात इथं बर्फ लय पडला. आई म्हणाली, "आपल्या इथं पंचेचाळीस हाय. धाड थोडा." संपलं संभाषण. आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पंचेचाळीस अंशांत पापड लाटणाऱ्या बाईने एसीत बसलेल्या माणसाचं किती ऐकावं, यालाही मर्यादा आहे.

त्याच्याकडे तक्रारीची कारणं नाहीत असं मात्र नाही. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि त्यात कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. लक्झेंबर्गला तीच, भारतालाही तीच. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या इंजिनिअर मंडळींच्या दोन मुख्य रांगांत नंबर लागत होता तो २०१३ साली उभ्या राहिलेल्यांचा. तिथलं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक पत्रक काढतं, व्हिसा बुलेटिन. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य सरकलं, पुरी राहिली की गेली, पानाचा विडा जागेवर आहे का, हे बघून पीकपाणी आणि राजाचं भविष्य सांगतात. बुलेटिन वाचणारे डिट्टो तसेच बसतात. तारीख दोन महिने पुढे सरकली, आनंद. दीड वर्ष मागे गेली, शोक. का सरकली, हे मांडणाऱ्यालाच ठाऊक. फरक एवढाच की भेंडवळ वर्षातून एकदा होतं आणि त्यावर अंनिसवाल्यांना चार शब्द बोलता तरी येतात.

रांगेत असताना पोरं मोठी होतात. मुलगी शाळेत असताना घेतलेला नंबर ती २१ वर्षांची झाली तरी येत नाही आणि २१ ओलांडले की, हिशेबातली काही सूट वजा जाता, तिचं नाव आईबापांच्या अर्जातून गळतं. नोकरी गेली तर मुदत ६० दिवसांची. आपल्याकडे ६० दिवसांत साधा फेरफार होत नाही. तिथे तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर घर, गाडी आणि पोरांची शाळा गुंडाळून निघायचं.

आणि १९ सप्टेंबर २०२५ चा शुक्रवार विसरता येईल का? नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर १ लाख डॉलर भरण्याच्या फर्मानावर ट्रम्प यांनी सही केली, लागू होणार रविवारी २१ तारखेपासून. त्या सहीच्या वेळी हा नियम नव्यांना की जुन्यांना, याचा कुणालाच पत्ता नव्हता. कंपन्यांनी रातोरात निरोप धाडले, देशाबाहेर असाल तर २४ तासांत परत या. सॅन फ्रान्सिस्कोहून सुटायच्या बेतात असलेल्या विमानातून माणसं खाली उतरली. शनिवारी खुलासा आला की रक्कम फक्त नव्या अर्जांना आहे. २१ तारखेला आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या होती. पितरांचं बरं असतं. वर्षातून एकदा येऊन जेवून जायला त्यांना पासपोर्टवर शिक्का लागत नाही.

या शिक्क्यापायी किती जण बापाच्या आजारपणात आले नाहीत आणि त्यावर घरात किती वर्षं बोललं जातं, हे ज्याचं त्याला माहीत. "तिकिटाले पैसे नव्हते काय?" पैसे होते. परत आत घेतील की नाही याची खात्री नव्हती. पण हे कारण आपल्या अंगणात कुणाला पटत नाही, कारण आपल्या माहितीतलं कुठलंच गाव गेलेल्या माणसाला वेशीवर अडवत नाही.

विदर्भात याची एक उलटी कथा आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या राज्यात परतीची वाट बंद झाली म्हणून मेक्सिकोत राहिले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. मायदेशी यायला स्वातंत्र्य मिळेपर्यंत थांबावं लागलं. शेवटी नागपुरात १९६७ साली गेले. त्यांना इंग्रज इकडे येऊ देत नव्हते. आजचा मुलगा इकडे येऊ शकतो, पण तिकडे परत जाता येईल की नाही या धास्तीने येत नाही. खानखोज्यांच्या बाजूला निदान क्रांती होती. याच्या बाजूला घराचा हप्ता आहे.

मी मात्र बापलेकांच्या बोलण्याचा एक मार्ग पाहिला आहे आणि त्याचं श्रेय महावितरणला जातं. कृषिपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते. रात्रीची पाळी असली की बाप साडेबाराला बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो. हिवाळ्यात त्या वेळी टेक्सासात दुपारचा एक वाजलेला असतो आणि मुलगा डबा उघडून बसलेला असतो. मग फोन लागतो. दिवसा घरात चार माणसांपुढे कोरडं बोलणारा बाप बांधावर बसून पोराशी अर्धा अर्धा तास बोलतो: रानडुकरं आली होती, केबल कुणी कापली, ट्रान्सफॉर्मर जळाला, सरपंच कसा वागला. पोराला आपल्या साहेबाबद्दल सांगायचं असतं. पण पलीकडचा माणूस थंडीत गुडघाभर चिखलातून येऊन बसला आहे हे ठाऊक असताना वातानुकूलित खोलीतल्या साहेबाची तक्रार कोणत्या तोंडाने करणार? तो हूं हूं करतो. तरी सौर कृषी वाहिनी योजनेने शेतीला दिवसा वीज मिळणार आहे म्हणतात. मिळो. पण मग हे बापलेक बोलणार कधी, याचा विचार त्या योजनेच्या माहितीपत्रकात नाही.

आता कागदाकडे वळू, कारण अनिवासी माणूस शेवटी कागदावरच राहतो. त्याला पुण्यात फ्लॅट घेता येतो. शेतजमीन विकत घेता येत नाही, परकीय चलनाचे नियम आडवे येतात. वारसाहक्काने मात्र मिळते. म्हणजे चुलत्याने बांधाला लागून असलेला अर्धा एकर विकायला काढला तर शेजारच्या गावचा शेतकरी घेईल, ह्याला घेता येणार नाही. आपलीच जमीन वाढवायची तर कुणीतरी मरायची वाट बघायची. शेतकऱ्याच्या पोराला एवढं अशुभ बोलायला लावणारा कायदा मी दुसरा पाहिलेला नाही.

सातबारा मोबाइलवर, बँक मोबाइलवर, आधारही मोबाइललाच जोडलेलं. मोबाइल म्हणजे ते जुनं सिमकार्ड. ते आईच्या साध्या फोनात, फोन देवघराच्या फळीवर आणि आई गिरणीत दळण घेऊन गेलेली. ती येते तेव्हा ओटीपी शिळा झालेला असतो. दुसरा मागवला की, "पाच… आठ… थांब बाप्पा, चष्मा आणते." तोवर तोही जातो. तिसऱ्या वेळी बँक खातं गोठवते, कारण कुणीतरी परदेशातून वारंवार प्रयत्न करतंय असा तिला संशय येतो. संशय अगदी बरोबर असतो.

ठेवीची तऱ्हा आणखी वेगळी. आईने कापसाच्या पैशातून पतसंस्थेत ठेव केली आणि प्रेमाने पोराचं नाव जोडलं. पोराला अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालं की बाहेरच्या देशांतल्या त्याच्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या पुढे गेली तर तिथल्या तिजोरी खात्याला कळवावं लागतं. जी ठेव तिने जावेपासून लपवली, ती वॉशिंग्टनला पाठ आहे.

मताचंही असंच. अनिवासी भारतीयाला मतदार होता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात सुमारे १ लाख १९ हजार असे मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष येऊन मत देणारे ३ हजारही नव्हते आणि त्यातले बहुतेक केरळचे. बाकीच्यांनी देश कसा चालवावा हे व्हॉट्सॲपवर सांगितलं. परदेशी नागरिकत्व घेतलं की मात्र मताचा हक्कही जातो. आपल्या घटनेला दोन नागरिकत्वं चालत नाहीत. ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं. त्यावर मत देता येत नाही. सल्ला देता येतो.

हे झाले विमानात खिडकीची जागा मागणारे. आपल्याच जिल्ह्यातले एसी दुरुस्त करणारे, गाड्या चालवणारे, वायरिंग करणारे लोक आखाती देशांत आहेत आणि परदेशस्थांवरच्या लेखांत ते कधी येत नाहीत. डॅलसला गेला तो एनआरआय. दम्मामला गेला तो "सौदीले गेला". मंडळ नाही, दिवाळी अंक नाही, अधिवेशन नाही. एका खोलीत दुमजली खाटांवर माणसं आणि महिन्याच्या शेवटी घरी पैसे. दहावी नसेल तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक देशांत जायला सरकारची वेगळी मंजुरी लागते आणि सोबत विमा: २७५ रुपयांत दोन वर्षं, जीव गेला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. सौदीने जुलै २०१७ पासून परदेशी कामगारासोबत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिन्याला १०० रियाल घ्यायला सुरुवात केली आणि २०२० पर्यंत ते ४०० वर नेले. बायको आणि दोन पोरं म्हणजे महिन्याला १,२०० रियाल, केवळ एका छपराखाली झोपण्याचे. मग बायकोपोरं परतीच्या विमानात आणि हा पुन्हा दुमजली खाटेवर. तक्रार करायची तर कफीलाबद्दल, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाबद्दल, आणि करायची कफीलाकडेच. आपल्याकडे ग्रामसभेत जो प्रकार आहे तो त्यांनी देशपातळीवर राबवलाय.

आखातातला माणूस सुटीवर येतो तेव्हा निदान घर पाहुण्यांनी भरतं आणि बॅग उघडेपर्यंत कुणी उठत नाही. अमेरिकेतला येतो तेव्हा त्याच्यासाठी मागण्यांची वही तयार असते: देवळाचा सभामंडप, भागवत सप्ताहाचा भंडारा, कुणाच्या तरी पोराला तिकडे चिकटवणं. तीन आठवड्यांत तेवीस घरी जेवायचं. प्रत्येक घरी पुरणपोळी. बाटलीतलं पाणी मागितलं तर फॉरेनर झाला, साधं प्यायला आणि पोट बिघडलं तरी फॉरेनर झाला. पोट बिघडल्याची तक्रार करायचीही सोय नाही, चुलती लगेच म्हणते, "लायनपणी तं गोठ्यातलं पाणी पेत होता."

तिकडे परत गेला की जिल्ह्याची बाजू एकट्याने सांभाळायची. बुलढाणा कुठे आहे, हे जगाला ठाऊक नसतं आणि ठाऊक होतं तेव्हा नको त्या कारणाने. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा त्याने ऑफिसात ऐटीत फोटो दाखवले. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचं ते काम होतं, हेही समजावून सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस झपाट्याने गळाले, ती बातमीही जगभर गेली. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हा हा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसला. वयोमानाने त्याचं स्वतःचं टक्कल पडत होतं आणि खरं कारण सांगून कुणी विश्वास ठेवला नसता.

लोणारवरून आठवलं. बाहेरून येऊन आपल्या जिल्ह्यात कायमचा मुक्काम केलेला खरा मोठा पाहुणा एकच, तो उल्कापाषाण. आल्या आल्या त्याने १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा केला. तो आपण अजून बुजवलेला नाही, उलट २०२० मध्ये त्याला रामसर यादीत नेलं. आपल्या बाकीच्या खड्ड्यांनाही तीच आशा आहे.

एवढं सोसण्यापेक्षा परत का येत नाहीत? सरकार ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस पाळतं. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परतले ती तारीख. म्हणजे बाहेर राहणाऱ्यांचा सण ठरवला तो कुणाच्यातरी परत येण्यावरून. गांधीजींना ते शोभलं. आज कुणी सामान घेऊन चिखलीला परत आला तर गल्लीत पहिला प्रश्न, "काढून टाकलं असन." दुसरा, "बायकोशी बिनसलं काय?" ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात हद्दपार केलेले १०४ भारतीय होते, त्यात महाराष्ट्राचे तिघे. तेव्हापासून सरळ तिकीट काढून आलेल्यालाही विचारतात, कोणत्या विमानानं आला? राजीखुशीने परत आलो, हे या जिल्ह्यात सिद्ध करता येत नाही. त्यापेक्षा ग्रीन कार्ड सोपं.

म्हणून माझा एक व्यवहारी प्रस्ताव आहे. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायला आपली पोरं पुण्यात रात्र रात्र जागतात. मग आपल्याच पोरांची गाऱ्हाणी ऐकायला बुलढाण्यात बसस्टँडसमोर एक केंद्र का नसावं? मनुष्यबळ भरपूर, अनुभव पिढीजात. बर्फाची कुरकुर फुकट ऐकली जाईल. साहेबाची तासावर. सासूची दुप्पट दराने, कारण तिच्याकडूनही फोन येऊ शकतो. आखाती ग्राहकांना सवलत. ऐकणाऱ्याने मध्येच "तुले काय कमी हाय" असं म्हटलं तर संपूर्ण रक्कम परत. पैसे इथल्या खात्यातून भरता येतील, ओटीपी येईल. आईला आधीच चष्मा लावून बसायला सांगा.